पडवीतली दप्तरं: मिरगाआधी संपवायचं काम

12 जानेवारी 2026

आजपासून पडवीतल्या दप्तरांचं काम हातात घेतलं. तीन लोखंडी कपाटं, माळ्यावर लाल कापडात बांधलेले 24 रुमाल, शिवाय ऑफिस बंद केलं तेव्हा टेम्पोतून आणून तसेच टाकलेले पुठ्ठ्याचे खोके. 1983ला सनद मिळाली आणि डिसेंबर 2024ला कोर्टात जाणं थांबवलं, म्हंजे 41 वर्षांचे कागद आहेत हे, वेंगुर्ल्याचं कोर्ट, सावंतवाडी, कुडाळ आणि ओरोसचं जिल्हा कोर्ट सगळं मिळून. ठरवलंय असं की प्रत्येक फाइल उघडायची, तिच्यात अशिलाचा मूळ कागद असेल, खरेदीखत, गहाणखत, मृत्युपत्र, हस्तलिखित सातबारा काहीही, तर तो बाजूला काढायचा, अशील किंवा त्याची पोरं शोधायची, कागद पोचवायचा आणि पोच घ्यायची. बाकीच्या झेरॉक्स आणि टाइप केलेल्या प्रती फाडून जाळायच्या. रद्दीत घालायच्या नाहीत, कारण त्यात लोकांच्या घरातल्या गोष्टी आहेत. मिरगाआधी संपवायचं. पाऊस लागला की पडवीत ओल धरते आणि मग जुन्या कागदाला हात लावायची सोय राहत नाही.

दारू सोडून आज 204 दिवस. 22 जून 2025 ही तारीख. ए.ए., म्हंजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट, तिथला माझा स्पॉन्सर, म्हंजे आधी दारू सोडलेला आणि मला सांभाळून घेणारा माणूस, एसटीत कंडक्टर होता, आता रिटायर आहे, त्यानेच सांगितलं की काम कर आणि रोजचं लिही, काय केलंस ते आणि करताना मनात काय आलं ते पण. म्हणून या नोंदी.

19 जानेवारी

पहिलं कपाट अर्धं झालं. टाचण्या गंजून कागदाला चिकटल्यात, खाऱ्या हवेत दुसरं काय होणार, ओढली की कागद फाटतो म्हणून प्रत्येक टाचणी पातळ सुरीने उचलून काढावी लागते. कसर लागलीय बऱ्याच ठिकाणी. ही निंबाचा पाला वाळवून देतेय मला, कपड्यात गुंडाळून ठेवायला. दिवसाला 15-16 फाइली होतात, जास्त नाही.

आज कुळकायद्याच्या फाइली निघाल्या. नव्या वाचकाला सांगायचं तर 1 एप्रिल 1957 हा कृषकदिन, त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता तो कायद्याने खरेदीदार मानला गेला, मग तहसीलदारासमोर 32ग ची चौकशी होऊन किंमत ठरायची, किंमत भरली की 32म चं सर्टिफिकेट. कायदा कागदावर 1957चा पण आमच्याकडे मी वकिली सुरू केली तेव्हाही लोक 32ग च्या तारखा करत होते. एक म्हातारी होती, सर्टिफिकेट हातात पडलं तेव्हा तिला वाचता येत नव्हतं, तिने ते उलटंच धरलं आणि कपाळाला लावलं. मी बाजूला उभा होतो, 29 वर्षांचा. त्या दिवशी घरी येऊन मी प्यायलो नव्हतो. प्यायची गरजच वाटली नव्हती, इतकं भरून आलं होतं. हे आज का आठवलं माहीत नाही पण लिहून ठेवतो, कारण मीटिंगला आपण फक्त वाईट दिवस सांगतो आणि मला ही वकिली खरोखर आवडायची.

2 फेब्रुवारी

एक खरेदीखत मिळालं जे माझ्याकडे असायलाच नको होतं. 1996ची केस, अशिलाची 1800 रुपये फी राहिली होती आणि मी त्याला सांगितलं होतं की पैसे आण आणि कागद ने. तो परत आला नाही, कागद राहिला. नंतर 2000 साली सुप्रीम कोर्टाने आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा मध्ये स्पष्टच सांगितलं की फी राहिली म्हणून वकिलाला अशिलाची फाइल अडवून ठेवता येत नाही. तो निकाल मी वाचला होता, बार रूममध्ये त्याच्यावर तावातावाने बोललोही होतो, आणि कपाटातलं खरेदीखत कपाटातच राहिलं.

आज त्याच्या मुलाला शोधून दिलं. मुलगा शिरोड्याच्या बाजारात दुकान चालवतो. त्याने पाकीट काढलं आणि विचारलं किती द्यायचे, मला तिथे उभं राहवेना. नको म्हटलं, सही घेतली आणि आलो.

त्या 1800 रुपयांचं मी काय केलं असतं ते मला माहीत आहे.

11 फेब्रुवारी

सकाळी एआयआरचे, म्हंजे कोर्टांचे निकाल छापतात त्या ऑल इंडिया रिपोर्टरचे, जाड खंड खाली उतरवले, 1987चा काढला आणि मागे क्वार्टर. सील न फोडलेली. कधी ठेवली आठवत नाही, पण लपवायची पद्धत माझीच, त्या खंडांना दुसरं कोणी हात लावणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. ही स्वयंपाकघरात होती. मी बाटली हातात घेऊन किती वेळ बसलो सांगता येत नाही, पाच मिनिटं असतील, जास्त पण असतील. तोंडाला पाणी सुटलं हे खरं. मग फोन लावला, स्पॉन्सर म्हणाला फोन चालू ठेव आणि बाहेर जा, मी बाहेर गेलो, झाकण फोडलं आणि माडाच्या आळ्यात ओतली, तो फोनवर ऐकत होता. ओतताना वास आला तेव्हा मान फिरवली. रिकामी बाटली हिला दाखवली. ती काही बोलली नाही, बाटली धुऊन कचऱ्यात टाकली आणि चहा ठेवला.

दुपारी काम नाही केलं.

6 मार्च

शिमगा चालू आहे, रात्रभर ढोल. दिवसा दुसऱ्या कपाटातला दारूबंदीच्या केसेसचा गठ्ठा काढला आणि त्यात दोन दिवस गेले, मूळ कागद त्यात जवळपास नसतातच पण वाचत बसलो.

गोव्याची हद्द इथून इतकी जवळ की आमच्या कोर्टात या केसेसना तोटा नाही. गोव्यात कर कमी म्हणून दारू स्वस्त, ती इकडे आणली की मुंबई दारूबंदी कायदा 1949 चं कलम 65, इन्सुली नाक्यावर नाहीतर आरोंद्याच्या बाजूला गाडी पकडायची, पंचनामा, नमुना केमिकल ॲनालायझरकडे, आणि आमचं काम ठरलेलं, पंच फोडायचे, नमुन्याचं सील बरोबर होतं का ते विचारायचं, जप्तीची वेळ आणि स्टेशन डायरीतली वेळ जुळते का बघायचं. मी चांगला होतो त्यात. बरेच सुटले. गाडीचा ड्रायव्हर बहुतेक वेळा 22-23 वर्षांचा पोरगा असायचा, मालक कधी कोर्टात दिसायचा नाही, फी मात्र मालकाकडून यायची, आणि दोनदा तरी फीबरोबर बाटल्या आल्या होत्या. घेतल्या मी.

याच कायद्याखाली महाराष्ट्रात दारू प्यायला परमिट लागतं. मी 30 वर्षं प्यायलो, परमिट कधी काढलं नाही. कोर्टात उभा राहून त्याच कायद्याची कलमं मी न्यायाधीशांना वाचून दाखवायचो. तेव्हा यात काही विचित्र आहे असं एकदाही मनात आलं नाही, हेच मला आता जास्त लागतं.

27 मार्च

412 फाइली झाल्या. 96 मूळ कागद पोचते केले, 31 जणांचे वारस मुंबईला, त्यांना फोन केलेत, मे महिन्यात चाकरमानी येतील तेव्हा देणार. पाठ दुखते.

18 एप्रिल

300 दिवस. मीटिंगला टाळ्या वाजवल्या.

पण हा महिना मला जड जातो. काजूचा हंगाम, झाडाखाली बोंडू पडून सडतात आणि संध्याकाळी वारा पडला की तो आंबूस गोड वास सगळ्या वाडीत भरतो. हा हुर्राकाचा वास. ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी, बोंडूचा रस आंबवून पहिल्या धारेची काढतात ती हुर्राक, ती फक्त याच दिवसांत मिळते, टिकत नाही. माझी सुरुवात तिथूनच झाली, कोणाच्या तरी बागेत, लिंबू आणि मीठ घालून, हंगामापुरती. मग हंगाम संपला तरी संपेना. आमच्या मागच्या बागेत वेंगुर्ला चारची झाडं आहेत, इथल्याच फळ संशोधन केंद्राची जात, बी मोठी, उत्पन्न चांगलं, मी स्वतः लावलीत. ही म्हणाली बोंडू रोजच्या रोज उचलून खड्ड्यात पुरू, सकाळी सकाळी. तसं करतोय दोघं. एक तास जातो, पण संध्याकाळी वास कमी येतो.

एक गोष्ट इथे लिहायलाच पाहिजे, कोणी वाचेल त्याच्या उपयोगी पडेल. 2019ला मी स्वतःच्या जोरावर सोडायला गेलो होतो, एका रात्रीत, कोणाला न सांगता. रोज पिणाऱ्याने असं करू नये. सकाळपर्यंत हात थरथरायला लागले, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फिट आली, तिसऱ्या दिवशी मला भिंतीवर मुंग्यांची रांग दिसायची आणि मी हिला सांगायचो की रोजनाम्यावर, म्हंजे कोर्टात केसची तारखेवार नोंद असते त्या कागदावर, मुंग्या चढल्यात, पुसून काढ. हिने आणि शेजाऱ्यांनी गाडीत घालून हॉस्पिटलला नेलं. डॉक्टर म्हणाले अजून उशीर केला असता तर जीव गेला असता. दारू शरीराला इतकी सवयीची झालेली असते की एकदम काढली की मेंदू खवळतो, फिट येण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत, भ्रम साधारण दोन-तीन दिवसांनी. दवाखान्यात गोळ्यांवर ठेवून त्या गोळ्या हळूहळू कमी करतात, बी-वनची इंजेक्शनं देतात. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. 2019ला बरा होऊन घरी आलो आणि पाच महिन्यांत परत सुरू, कारण शरीरातली गेली होती, बाकी सगळं तसंच होतं. 2025ला डॉक्टरकडे आधी गेलो आणि घरी आल्यावर आठवड्याच्या आत मीटिंगला. दोन्ही लागलं.

3 मे

पुठ्ठ्याच्या खोक्यात माझ्या डायऱ्या सापडल्या, वकिलांची डायरी असते ती, रोजच्या तारखा लिहायची, 1984पासून जवळजवळ सगळ्या. मी इतकी वर्षं एक वाक्य सगळ्यांना सांगत आलो, हिला, मुलीला, मीटिंगमध्ये पण, की मी प्यायलो पण कोर्टाची तारीख कधी चुकवली नाही, अशिलाचं नुकसान कधी होऊ दिलं नाही, जे झालं ते माझ्या घराचं आणि माझ्या लिव्हरचं. माझा त्यावर पक्का विश्वास होता. खोटं बोलत नव्हतो.

2003ची डायरी उघडली. 14 जुलैपासून पानं कोरी. ऑगस्ट कोरा. सप्टेंबरमध्ये मधेमधे दुसऱ्याच अक्षरात नोंदी, ज्युनिअरच्या. माझं अक्षर परत येतं ते 6 ऑक्टोबरला, आणि त्या पानावर एका केसच्या नंबरापुढे फक्त लिहिलंय, "अपील?"

तो नंबर मला लगेच ओळखू आला.

9 मे

फाइल तिसऱ्या कपाटात होती. कोर्टाला सुट्टी लागलीय नाहीतर मूळ रोजनामा बघून आलो असतो, पण माझ्याकडच्या नकलाच पुरे आहेत.

वाटेचा दावा. अशिलाची माडाची बाग खाडीच्या अंगाला, बागेत जायची वाट शेजाऱ्याच्या आवाटातून, म्हंजे घराभोवतालच्या जागेतून. 20 वर्षांच्या वर वापर, वहिवाटीचा हक्क, ईझमेंट ॲक्ट 1882 कलम 15. शेजाऱ्याने गडगा, म्हंजे दगडी भिंत, घालून वाट बंद केली, 1994ला दावा लावला, जून 2003ला खालच्या कोर्टात हरलो. साक्षीदार कच्चे पडले होते पण अपिलात दम होता, आज वाचूनही तेच मत आहे माझं. जिल्हा कोर्टात अपिलाला मुदत 30 दिवस, निकालाची नक्कल मिळायला गेलेले दिवस वगळून. अशिलाने त्याच आठवड्यात स्टॅम्पचे पैसे आणि फी आणून दिली होती, पावतीच्या स्थळप्रतीवर माझी सही आहे. नक्कल 11 जुलैला तयार होती. मी ती उचलली 8 ऑक्टोबरला.

मग अपील आणि सोबत उशीर माफीचा अर्ज, मुदतीचा कायदा कलम 5. आता जे लिहितो ते लिहायला मला दोन दिवस लागले. उशिराचं कारण मी दिलं की वकील तापाने आजारी होते. शपथपत्र अशिलाचं, सही त्याची, देवाशपथ खरं सांगतो म्हणून. त्याला मी काय सांगितलं असेल, इथे सही कर एवढंच. कोर्टाने डॉक्टरचं सर्टिफिकेट मागितलं, सर्टिफिकेट कुठून आणणार, अर्ज फेटाळला, अपील दाखलच झालं नाही.

अर्जात मी रफिक विरुद्ध मुन्शीलालचा हवाला दिलाय, 1981चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, वकिलाच्या चुकीची शिक्षा निरपराध पक्षकाराला देऊ नये. निकाल बरोबर आमच्या केसचा. खरं कारण लिहिलं असतं, की माझा वकील अडीच महिने दारूत होता, मी पैसे वेळेत दिले होते, ही पावती, तर त्या निकालाच्या जोरावर माफी मिळायची चांगली शक्यता होती. मी ताप लिहिला आणि त्याच्या हातातला बचाव काढून घेतला. पिऊन पडलो होतो त्या महिन्यांपेक्षा ते एक वाक्य जास्त महागात पडलं त्याला, आणि ते लिहिलं त्या दिवशी मी शुद्धीत होतो. अक्षर स्वच्छ आहे.

वर हायकोर्टात जाता आलं असतं. तेव्हा हायकोर्ट म्हंजे मुंबई, बागेवर जगणाऱ्या माणसाने कुठून जायचं. आता कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच झालंय, ऑगस्ट 2025पासून, आपला जिल्हा त्यात आहे. बारने किती वर्षं मागणी केली होती, त्या मोर्च्यांत मी पण चाललोय. त्याला 22 वर्षं उशीर झाला.

स्पॉन्सरला फोन केला. ए.ए.च्या पायऱ्यांतली आठवी पायरी म्हंजे ज्यांचं नुकसान केलं त्यांची यादी. माझ्या यादीत सगळी घरची माणसं होती. म्हणाला, आता नाव घाल, पण जायच्या आधी ठरव की तू त्यांच्यासाठी जातोयस की तुला हलकं वाटायला. मी म्हटलं मूळ कागद आहेत त्यांचे, ते द्यायचेच आहेत. तो म्हणाला कागद दे, बाकीचं तिथे बघ.

21 मे

गेलो. अशील वारले, 2011ला. त्यांची बायको आहे, आता 75च्या पुढे, आणि सून. मुलगा ट्रॉलरवर. मला ओळखलं, ओटीवर बसायला सांगितलं, पाणी आणि गूळ ठेवला. मी कागद दिले, आजेसासऱ्याच्या नावचा सातबारा, 1931चं खरेदीखत, नकाशा. मग सांगितलं. तयार करून गेलो होतो ते वाक्य आलंच नाही तोंडात, कसंबसं सांगितलं की अपील उशिरा झालं ते माझ्यामुळे, मला ताप नव्हता, मी दारू पीत होतो, शपथपत्रात खोटं मी लिहिलं.

ती म्हणाली, "तुमका ताप नाय होतो, ह्या आमका तेवाच म्हायत होता. सगळ्या बाजाराक म्हायत होता."

मी विचारलं मग सही का केली त्यांनी.

"तुमी वकील. तुमी सांगलास थंय सही केल्यानी."

बराच वेळ कोणी बोललं नाही. सून उठून आत गेली. मग मी वाटेचं विचारलं. अजून बंदच आहे. नारळ उतरले की खाडीच्या कडेने डोक्यावरून आणायचे, भरती असली की थांबायचं, गेल्या पावसात सून तिथे घसरून पडली आणि मनगट मोडलं. मी म्हटलं अजून एक मार्ग आहे, महसूल कायद्याच्या कलम 143 खाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो, बांधावरून वाट मागायची, त्याला 20 वर्षांची वहिवाट सिद्ध करावी लागत नाही, बागेत जायला दुसरी सोयीची वाट नाही ही गरज दाखवावी लागते, जुना दावा वहिवाटीच्या हक्काचा होता म्हणून तो यात आड यायला नको. मी अर्ज लिहून देतो, एक पैसा नको.

तिने कागद पदरात घेतले. "तुमी कागद हाडलास, बरा केलास. पण अर्ज तुमी लिवू नकात. दुसरो कोण आसलो तर सांगा."

मी हो म्हटलं. गूळ खाल्ला, पाणी प्यायलो आणि निघालो. बाहेर गडगा बघितला, चिऱ्याचा, कमरेएवढा, वरती शेवाळ सुकलेलं.

रात्री मीटिंग नव्हती तरी स्पॉन्सरच्या घरी जाऊन बसलो 10 वाजेपर्यंत. तो काही समजावत बसला नाही, त्याच्या नातवाचा अभ्यास घेत होता, मी ऐकत बसलो.

5 जून

348 दिवस.

एक तरुण वकील आहे, कुडाळची मुलगी, महसुली कामं करते, पंचनाम्याला स्वतः चिखलात उतरते असं तलाठ्याने सांगितलं. तिला त्या घरी पाठवली होती, त्यांनी वकीलपत्र दिलं. आज फाइल न्यायला आली. मी तिला टिपण करून दिलं, नकाशावर बांध लाल पेनने दाखवला, भरतीच्या वेळा आणि सुनेच्या मनगटाचे दवाखान्याचे कागद जोडायला सांगितले, गरज दाखवायची तर हेच लागतं. माझं नाव कुठे घालू नको म्हटलं. तिने पानं उलटली, शपथपत्रापाशी थांबली, वाचलं, वर बघितलं.

"सर, हे 143च्या अर्जाला लागणार नाही. काढून ठेवू का?"

मी म्हटलं फाइल त्यांची आहे, एकही कागद काढू नकोस.

61 फाइली राहिल्यात. दुपारी चार वाजता समुद्राकडून अंधारून आलं, ताडपत्री घ्यायला उठेपर्यंत सरी सुरू झाल्या, दोघांनी मिळून उरलेले रुमाल आतल्या खोलीत नेले. दोनच भिजले, ते पंख्याखाली पसरून ठेवलेत.